मागच्या भिंतीवरची काच

"दोन दिवसांचं काम होतं," असं इंजिनिअर बाई बोलून गेली, आणि ते वाक्य दुपारचा एक वाजला तरी घरात कोणाच्या घशाखाली उतरलं नव्हतं.

बोलताना ती कोणाकडे बघत नव्हती. बघणार कशी? तिच्या वडिलांनी घर घेतलं तेव्हा त्यांच्याबरोबर घर बघायला हेच बाबा गेले होते, आणि आता त्याच बाबांना त्यांच्या स्वतःच्या घराबद्दल सांगायची वेळ तिच्यावर आली होती. सकाळी तिने मागच्या भिंतीशी कमरेएवढा खड्डा खणून घेतला. न्हाणीघराचा पाइप जमिनीखाली तडकलेला निघाला. पायाखालची माती तिने बोटाने दाबून दाखवली, तर बोट पेरभर आत गेलं.

"काका, ही गळती आजची नाही. दहा-बारा वर्षं तरी पाणी इथेच जिरतंय. तेव्हा पाइप बदलून पायाला काँक्रीट दिलं असतं, तर दोन दिवसांचं काम होतं. आता मागची बाजू उतरवावी लागेल, आणि मागच्या आधाराने पुढची उभी आहे. आठ दिवसांत घर रिकामं करा. मागच्या खोलीत तर आजपासून कोणी जाऊ नका."

बाबांनी मान हलवली. "पोरी, चहा घेऊन जा," एवढंच म्हणाले. ती चहा न घेता गेली.

या भागात चाळीस वर्षांत कोणी बाबांना विचारल्याशिवाय घर घेतलं नव्हतं. बांधकामाचे मिस्त्री ते, पण लोक त्यांना 'टकटक' म्हणत. खिशात एक जुनी जाड किल्ली असायची, तिने भिंत ठोकून बघायचे. पोकळ आवाज आला की तिथे खडूची फुली. दुसऱ्या खिशात गोटी. ती जमिनीवर सोडायची आणि कुठे पळते ते बघायचं. घरात शिरल्या शिरल्या पाणी मागायचे. तहान लागली म्हणून नाही, तर नळाला धार किती आहे ते कळावं म्हणून. रंग ताजा दिसला की विचारायचे, "कोणाचं लग्न होतं का घरात? नव्हतं? मग रंग कशाला काढला?" आणि विकणाऱ्याचा चेहरा बघत बसायचे. घराची माहिती विकणाऱ्याला विचारू नये, शेजाऱ्याला विचारावी. एकदा उन्हात बघावं, एकदा पावसात. कपाटं उघडून वास घ्यावा. आणि घर बघून आपली बायको फार खूश झाली असेल तर त्या दिवशी होकार देऊ नये, घरी येऊन झोपावं.

हा शेवटचा नियम त्यांनी एकदाच मोडला, आणि तो या घरासाठी.

चौतीस वर्षांपूर्वी आईला मागच्या खोलीची खिडकी आवडली. शिलाई मशीन तिथे ठेवलं तर दिवसभर दिवा लावावा लागणार नाही, म्हणाली. त्याच खोलीच्या भिंतीला केसासारखी भेग होती. बाबांनी मग मधला मार्ग काढला. विकणाऱ्याच्याच फुटक्या खिडकीच्या काचेची एक बोटभर रुंद पट्टी कापली आणि भेगेवर आडवी चिकटवली. भेग जिवंत असेल, म्हणजे भिंत हलत असेल, तर काच फुटेल. एक पावसाळा टिकली तर घर आपलं. काच टिकली. पुढेही ती त्यांनी काढली नाही. दर रविवारी सकाळी आंघोळीआधी त्या खोलीत जाऊन तिच्यावरून बोट फिरवायचे आणि आईला ओरडून सांगायचे, "शाबूत आहे गं!" त्यानंतरच घरात रविवार सुरू व्हायचा.

गेल्या मंगळवारी काच मधोमध तुटली, मागचं दार चौकटीत अडकलं आणि भेगेत अख्खी करंगळी जाऊ लागली.

•

थोरला रात्रभर गाडी चालवून आला होता. बँकेत घरकर्जाच्या विभागात त्याची वीस वर्षं गेली. दुसऱ्यांच्या घरांचे कागद तपासता तपासता त्याचा एक ठाम समज झाला होता, की कागदावर नाही ते जगात नाही. त्याने टेबलावरचे कप बाजूला केले आणि विम्याचा अर्ज पसरला.

"चारला विम्याचा माणूस येईल. त्याआधी हे भरून बाबांची सही हवी. प्रश्न तीनच महत्त्वाचे आहेत. भेग पहिल्यांदा केव्हा दिसली. ती वाढतेय हे केव्हा कळलं. कळल्यावर काय केलं. नीट ऐका. विमा अचानक खचलेल्या घराला मिळतो. हळूहळू खचतंय आणि आपण बघत बसलो असं दिसलं, तर एक वीटही मिळणार नाही."

"मग?" ताईने विचारलं. ती मधली. दंतवैद्य. दवाखाना बंद ठेवून आली होती, आणि हात रिकामे असले की तिला राग लवकर यायचा.

"मग खरं तेच लिहायचं. भेगेवर काच लावली होती. दर आठवड्याला तपासत होतो. चौतीस वर्षं काच शाबूत. गेल्या मंगळवारी एकाएकी तुटली. एवढा चोख पुरावा विम्याच्या माणसाने जन्मात बघितला नसेल."

"तू इथे असतास तर पुरावा लागलाच नसता. तिकडे बसून शेळ्या हाकतोस उंटावरून."

"डॉक्टरीणबाई, तुम्ही तर गावातच होता. दोन गल्ल्या पलीकडे."

"ताई, राहू दे ना," धाकटी हळूच म्हणाली. "दादा बरोबर सांगतात. अर्ज भरून होऊ दे."

थोरल्याला तिचं बोलणं बरं वाटलं. धाकट्या भावाची ही बायको सहसा कोणाची बाजू घेत नसे. नवरा जहाजावर इलेक्ट्रिशियन, वर्षातले आठ महिने समुद्रात. सासू गेल्यापासून तीन वर्षं घर आणि बाबा तिच्याच अंगावर होते. मागच्या खोलीत ती सासूच्याच मशीनवर मुलींना शिवणकाम शिकवायची. आठ दिवसांनी बाबांचं अंथरूण, औषधं, मशीन हे सगळं उचलून भाड्याच्या खोल्या शोधायच्या होत्या, आणि त्या तिलाच शोधायच्या होत्या. विमा मिळाला तर इथे पुन्हा घर उभं राहणार होतं. नाही मिळाला तर नुसती जमीन. तिचं गणित सरळ होतं, आणि थोरल्याला सरळ गणितं आवडायची.

"बाबा, लिहू ना?"

बाबा खिडकीशी खुर्ची घेऊन बसले होते. खिशातली किल्ली काढून तळहातावर धरली होती, पण काही ठोकत नव्हते.

"लिही तुला काय लिहायचं ते," म्हणाले.

थोरल्याने लिहिलं. अक्षर त्याचं सुरेख होतं, लहानपणापासून. 'काच शेवटपर्यंत शाबूत होती' हे लिहिताना त्याचं पेन जरासं अडखळलं. कागद खडबडीत असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. मग उठून बाबांच्या मांडीवर पुस्तक ठेवलं, त्यावर अर्ज ठेवला आणि पेन पुढे केलं.

•

बाबांनी पेन घेतलं तशी ताई जागची उठली.

बाबांची सही ती ओळखत होती. लोक घर घेताना बाबांकडून एक चिठ्ठी घेत, 'घर बघितलं, राहण्यास योग्य' एवढीच, खाली सही. त्या चिठ्ठीवर माणसं जन्माची कमाई लावायची. एकदा एका मोठ्या दलालाने त्यांच्यासमोर पाकीट ठेवलं होतं. बाबांनी ते गोटीसारखं जमिनीवरून त्याच्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "तुमच्याकडेच उतार आहे बघा."

"थांबा बाबा," ती म्हणाली. "सही करू नका."

"आता काय?" थोरला वैतागला.

"काच शेवटपर्यंत शाबूत नव्हती. एकदा फुटली होती. मी बदलली."

 पुढचंही तिने सांगून टाकलं.

"आठ वर्षं झाली. माझ्या दवाखान्याचं काम चाललं होतं, आठवतं ना बाबा? तुम्ही रोज येऊन उभे राहायचात. एका शनिवारी मी आईकडे आले, मागे गेले तर काच तुटलेली. आई बाजारात होती. वाटलं, वाऱ्याने दार आपटलं असेल. आणि... खरं सांगते, वाटलं की तुम्हाला कळलं तर तुम्ही माझं काम टाकून इथे खणायला लागाल. माझ्या फरशा अर्ध्या बसल्या होत्या. म्हटलं, काम संपू दे, मग सांगते. फोटोफ्रेमवाल्याकडून पट्टी कापून आणली आणि दातांच्या साच्याच्या प्लास्टरने चिकटवली. माझं काम संपलं, आणि सांगायचं राहून गेलं."

"राहून गेलं!" थोरला म्हणाला. "आठ वर्षं राहून गेलं?"

"हो. रोज लोकांना सांगते, दात दुखत नाही म्हणजे कीड थांबली असं नाही. दुखेपर्यंत थांबू नका." तिचा आवाज फुटला. "मी माझ्या फरशांसाठी थांबले."

थोरला येरझारा घालू लागला. सांगितलं असतंस तर हे घर वाचलं असतं, असं तो दोनदा म्हणाला, आणि तिसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडून त्याने ते मिटलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ठीक आहे. झालं ते झालं. पण हे या चार भिंतींच्या बाहेर जायची गरज नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"बाबांच्या सहीने झाकायची?"

"मग काय करायचं? तेल गेलं, तूप गेलं, निदान धुपाटणं तरी नीट धर!"

धाकटी दोघांकडे आळीपाळीने बघत होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

तेवढ्यात बाबा बोलले. ओरडले नाहीत. एखाद्या गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं.

"तू काढलीस त्या काचेत बुडबुडा होता का?"

"बुडबुडा?"

"माझी काच जुन्या खिडकीची होती. डाव्या टोकाला मुगाएवढा बुडबुडा होता. तुझ्या हातात आली तिच्यात होता?"

ताईने डोळे मिटून आठवलं. तुटलेले दोन तुकडे तिने रुमालात गुंडाळले होते, उजेडात धरूनही बघितले होते. "नाही," ती म्हणाली. "साधी काच होती. स्वच्छ."

"म्हणजे ती माझी नव्हती. तुझ्याआधी कोणीतरी बदललेली होती." मग ते थोरल्याकडे वळले. "आणि तुझं काय रे? 'शाबूत' लिहिताना तुझा हात का थांबला?"

•

थोरल्याला आधी वाटलं, नाही म्हणावं. बाबांना आता कुठे नीट दिसायला लागलं होतं. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढला, त्याआधी कित्येक वर्षं सगळं धुक्यातच चालायचं. पण हात थांबल्याचं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. खरखर थांबली, हे कानाने ऐकलं होतं. भिंती ऐकायची सवय असलेल्या माणसाशी खोटं बोलणं अवघड.

तो खुर्चीत बसला.

"सहा वर्षांपूर्वी," म्हणाला. "बढतीचं पत्र आलं त्याच आठवड्यात. सामान बांधायला घेतलं होतं. मागच्या खोलीतून ट्रंक काढताना बघितलं. काच तुटलेली, आणि तिच्याभोवती गुलाबी प्लास्टर. मला वाटलं, बाबांचंच काहीतरी नवीन मसाल्याचं."

"ते माझं," ताई पुटपुटली.

"आता कळतंय मला. तेव्हा एवढंच कळलं, की भिंत हलतेय म्हटलं तर मला जाता येणार नाही. घर खणायला काढलं असतं तर थोरला म्हणून मीच उभा राहायला हवा होतो. बढती पुन्हा आली नसती." त्याने अर्जाची कड दुमडली, पुन्हा सरळ केली. "वाटलं, ट्रंक लागून फुटली असेल. स्वतःला तसं पटवलं. नवी लावली, आणि दोन दिवसांनी गेलो. तिकडे गेल्यापासून मी रोज लोकांना सांगतो की घराचा मागचा इतिहास तपासल्याशिवाय कर्ज देणार नाही."

ताईला आता त्याच्यावर तुटून पडता आलं असतं. मघाशी तो तिच्यावर पडला होता. पण तिने त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. दोघांनाही एकदमच आठवलं होतं, की लहानपणी एकाने काही मोडलं तर दुसऱ्याने ते चिकटवायचं, असा त्यांचा करारच असे. आईला कळू द्यायचं नाही, एवढी एकच अट.

"म्हणजे पहिली तुमच्या आईने बदलली," बाबा म्हणाले. "मला हृदयाचा झटका आला होता तेव्हा असेल. अकरा वर्षं झाली. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, यांना कसलीही चिंता नको."

त्यांनी किल्ली खिशात ठेवली. पुढचं ते बरेच थांबत थांबत बोलले.

"डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि पहिल्या रविवारी मी काच बघितली. बोटाने नाही, डोळ्यांनी. बुडबुडा नव्हता. मला तिथेच सगळं कळलं. काच फुटली होती, म्हणजे भिंत हलते आहे. चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो, भेग वाढली की एक दिवस थांबू नका, आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. दुसऱ्याच दिवशी कुदळ घ्यायला हवी होती. नाही घेतली."

"का बाबा?" ताईने विचारलं.

"कडा घासल्या होत्या तिच्या. तुम्ही दोघांनी कडा घासल्या होत्या का?"

दोघांनी मान हलवली. दोघांनाही ते सुचलं नव्हतं.

"मग ती तुमच्या आईचीच. थोरल्याची फुटल्यावर तिने पुन्हा लावली असणार. माझं बोट कापू नये म्हणून कानशीने कडा घासून लावली. दुसऱ्या कोणाला सुचणार? ती जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. खणायचं म्हणजे आधी ती काच काढायची. तिच्या हातचं या घरात आणखी काय राहिलं होतं? कपडे वाटून टाकले, भांडी बदलली. रविवारी बोट फिरवलं की वाटायचं, आहे. मग म्हणायचो, पुढच्या महिन्यात खणू." ते जरा हसल्यासारखे झाले, पण तोंड वाकडं झालं. "दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर त्याला मी मूर्ख म्हटलं असतं. दिव्याखालचा अंधार म्हणतात तो हाच. मंगळवारी तुटली तरी ते दोन तुकडे मी काढू दिले नाहीत. त्या इंजिनिअर पोरीलाही हात लावू दिला नाही."

थोरल्याने अर्जाकडे बघितलं. ताई रडत होती. आई गेली तेव्हाही ती एवढी रडली नव्हती, कारण तेव्हा माणसं होती, कामं होती.

•

आणि धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

भिंतीवरची काच तिने लावली होती. सासूने नाही.

शेवटच्या आजारपणात एका दुपारी सासूने तिला जवळ बोलावून सांगितलं होतं, "मागची काच कधी फुटली तर त्यांना सांगू नकोस. नवी लाव. कडा मात्र घासून लाव, त्यांचं बोट फिरतं तिच्यावरून." मी एकदा बदलली आहे, दार आपटून फुटली होती, म्हणाली होती. धाकटीने हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला कोण नाही म्हणतं? बाबा डोळ्यांवर पट्टी बांधून पुढच्या खोलीत झोपून होते, तेव्हा ती फुटलेली दिसली. शिकायला आलेल्या मुलींना तिने सुट्टी दिली आणि तासभर बसून नव्या काचेच्या कडा घासल्या. आपण सासूचा शब्द पाळला याचा तिला केवढा अभिमान वाटला होता! दर रविवारी बाबा बोट फिरवायचे आणि ती मनात म्हणायची, आई, बघा.

आता तिला कळत होतं की ती काच एकदा नाही, चारदा फुटली होती, आणि प्रत्येकाला एकदाच फुटली असं वाटलं होतं. चौघांनी आपापला तुकडा जपून ठेवला. एकाने जरी तो टेबलावर ठेवला असता!

आणि गप्प राहणं आता किती सोपं होतं. कोणी विचारत नव्हतं. बाबांना त्या दोन तुकड्यांत बायको सापडली होती. घर चाललं होतं, निदान तेवढं तरी त्यांच्याबरोबर भाड्याच्या खोलीत गेलं असतं. सांगून कोणाचं भलं होणार होतं? सासूलाही हेच हवं असतं.

सासूला हेच हवं होतं, असं मनात आलं आणि तिला खड्ड्यातली ती ओली माती आठवली.

"बाबा," ती म्हणाली, "ती काच माझी आहे."

बाबांनी वळून बघितलं.

"तुमच्या डोळ्यांवर पट्टी होती तेव्हा लावली. आई नव्हत्या तेव्हा. त्यांनी मला सांगून ठेवलं होतं. कडा घासायचंही त्यांनीच सांगितलं होतं. पण काच मी लावली. मी तुम्हाला फसवलं बाबा. हे पण नसतं सांगितलं तरी चाललं असतं, पण असंच करत करत आपण इथवर आलो ना."

ताईने "अगं धाकटे..." म्हणून हात पुढे केला आणि तसाच ठेवला.

बाबा उठले. नको नको म्हणत तिघं मागे लागले, तरी मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. दार अर्धंच उघडत होतं. आत न जाता त्यांनी हात लांब करून काचेचा एक तुकडा प्लास्टरमधून ओढून काढला. उजेडात धरून बघितला. कडेवरून बोट फिरवलं. इतका वेळ फिरवलं की धाकटीला वाटलं, आता हे आपल्याला कधीच माफ करणार नाहीत.

"चांगली घासली आहेस," ते म्हणाले.

मग दाराच्या चौकटीला धरून तिथेच उभे राहिले. खांदे हलत होते. चाळीस वर्षांत पोरांनी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

"मला सांगायला हवं होतं गं," म्हणाले. "तिने तरी. एकाने तरी. चिंता नको, चिंता नको म्हणून सगळ्यांनी मला सांभाळलं. मला शाळा नाही, हिशोब नाही, गोड बोलणं नाही. जन्मात एकच गोष्ट येत होती, भिंत दुरुस्त करणं. तेवढीच तुम्ही माझ्यापासून लपवलीत. आणि नीट दिसायला लागल्यावर मीही लपवली."

 थोरल्याने टेबलावरचा अर्ज उचलला, उभा-आडवा फाडला आणि बॅगेतून कोरा काढला. त्याने बँकेत कधी एक ओळही खोडली नव्हती. "तुम्ही सांगा बाबा," तो म्हणाला, "मी लिहितो."

बाबांनी सांगितलं. भेग चौतीस वर्षांपूर्वीची. वाढते आहे हे अकरा वर्षांपूर्वी घरात कळलं. कळल्यावर काय केलं, या रकान्याशी थोरला थांबला. बाबा म्हणाले, "काच बदलली, असं लिही. चार वेळा." त्याने लिहिलं. धाकटी मान खाली घालून ऐकत होती. आपलं घर त्या रकान्यात संपतंय हे तिला दिसत होतं, पण मघाशी दादांची बाजू घेणारी ती आता काही बोलली नाही. ताईने तिचा हात धरून ठेवला. "खोल्या शोधायला उद्या मी येते तुझ्याबरोबर," ती म्हणाली. "दवाखाना राहू दे बंद."

"जाताना गोटी घेऊन जा," बाबा म्हणाले, आणि सही केली.

बरोबर चारला घंटी वाजली. विम्याचा माणूस तरुण होता, नम्र होता. बूट काढून आत आला, खड्डा बघितला, फोटो काढले. मागच्या खोलीच्या दारातून आत वाकून त्याने भिंतीवर उरलेला काचेचा तुकडा पाहिला आणि त्याचे डोळे चमकले. असलं काही तो फक्त पुस्तकात शिकला होता.

"वा, भेगेवर काच लावली होती तुम्ही!" तो वहीत टिपून घेत म्हणाला. "फार कमी लोक एवढी काळजी घेतात. कोणी लावली होती?"

बाबांच्या मुठीत दुसरा तुकडा होता. त्यांनी एकदा तिघांकडे बघितलं.

"घरातल्या सगळ्यांनी," ते म्हणाले.